भांडणाऱ्या परीक्षणांचे दिवस

झाँ-पिएर मेलव्हिलचा 'लार्मे देझोंब्र' पॅरिसमध्ये लागला तो १२ सप्टेंबर १९६९ रोजी. राष्ट्राध्यक्ष द गोल यांनी सत्ता सोडून जेमतेम साडेचार महिने झाले होते. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात विद्यार्थ्यांनी रस्त्याचे दगड उपटून पोलिसांवर फेकले होते, कारखाने ठप्प झाले होते आणि या वृद्ध सेनापतीचं नुसतं नाव निघालं तरी विशी-पंचविशीतल्या मंडळींचं माथं भडकत होतं. अशा वेळी मेलव्हिल घेऊन आला काय, तर जर्मन अमलाखालच्या फ्रान्समधल्या भूमिगतांवरचा, जवळजवळ अडीच तासांचा, संथ, निळसर-करडा चित्रपट. वर त्यात काही क्षणांपुरते का होईना, द गोल पडद्यावर दिसतात! मुहूर्त चुकवायचाच असं ठरवून कुणी पंचांग उघडलं असतं, तरी याहून वाईट तारीख निघाली नसती.

नावाचा अर्थ 'सावल्यांची फौज'. 'काये द्यु सिनेमा' या मासिकाने तिला आडवं घेतलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या अंकात कोमोली आणि नार्बोनी या संपादकांचा तो गाजलेला लेख आला, जो सिनेमाच्या वर्गांत अजून शिकवतात. प्रत्येक चित्रपट राजकीयच असतो आणि तो कोणाची चाकरी करतो हे ओळखणं हे समीक्षकाचं पहिलं काम, असा त्याचा एकंदर सूर. या भिंगाखाली मेलव्हिलचा चित्रपट धरला आणि निकाल लागला: गॉलवादी, म्हणजे द गोल यांच्या पंथाची, कला. सरकारी दंतकथेला चढवलेला सुंदर मुलामा. गंमत अशी की हेच मासिक आणि त्याच्या आसपासची मंडळी दहा वर्षांपूर्वी मेलव्हिलला थोरल्या भावासारखं मानत होती. स्वतःचा छोटा स्टुडिओ, थोडके पैसे, रस्त्यावरचं चित्रीकरण हे सगळं त्याने आधी करून दाखवलं होतं. गोदारने 'आ बू द सूफ्ल'मध्ये त्याला एका लेखकाची भूमिकाही दिली होती. पण दहा वर्षांत थोरला भाऊ शत्रुपक्षात जाऊन बसला, निदान धाकट्यांना तसं वाटलं.

आज हे वाचताना हसू येतं आणि पाठोपाठ थोडा हेवाही वाटतो. एका मासिकातल्या दोन-चार पानांना किती वजन होतं! पॅरिसमधल्या या थंड, काहीशा कडवट स्वागतानंतर हा चित्रपट अमेरिकेत कुणी लावलाच नाही. एक-दोन नव्हे, छत्तीस वर्षं.

आमच्याकडे हे वारे कसे पोचत, हे आता सांगूनही खरं वाटणार नाही. ब्रिटिश कौन्सिलच्या वाचनालयात 'साइट अँड साउंड'चे अंक येत, तेही शिळे होऊन. आलियाँस फ्रान्सेजमध्ये फ्रेंच मासिकं असत, पण ती वाचता येणारा आमच्यात एखादाच. तो वाचायचा आणि आम्हाला चहाच्या टेबलावर सारांश सांगायचा. चित्रपट मंडळाचा खेळ असला की आधी एकच प्रश्न असे, "डबे आले का?" डबे म्हणजे रिळांचे पत्र्याचे डबे. वकिलातीकडून यायचे, पुढच्या गावच्या मंडळाकडे जायचे. कधी कधी चौथं रीळ तिसऱ्याच्या आधी लागायचं आणि काही सभासद ते दिग्दर्शकाचं धाडस समजून गंभीर चेहऱ्याने बघायचे. खेळाआधी हातात सायक्लोस्टाइल केलेला एक कागद पडायचा. शाई बोटांना लागायची. त्या कागदावर जे असेल ते आमच्यासाठी त्या चित्रपटाचं जागतिक मत.

'लार्मे देझोंब्र'चे डबे माझ्या वाट्याला कधी आले नाहीत. पण त्याच्याबद्दलचं मत मात्र डब्यांशिवाय येऊन पोचलं होतं. मंडळातले काही जण ठामपणे सांगत, मेलव्हिल गुन्हेगारीपटांत उस्ताद, युद्धावर आला की गॉलवादी होतो. बाकीचे मान डोलवत. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर रसग्रहण शिबिराला आलेली मंडळी रात्री वादाला बसली की 'गॉलवादी' हा शब्द एखाद्या शिवीइतक्या सहजतेने वापरला जाई. शब्द उच्चारणाऱ्यांपैकी किती जणांनी द गोल यांचं एक तरी भाषण वाचलं होतं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

मेलव्हिलचं खरं आडनाव ग्रुम्बाख. जन्म पॅरिसचा, १९१७चा, अल्सेसमधून आलेल्या ज्यू घराण्यातला. 'मेलव्हिल' हे चळवळीतलं टोपणनाव, 'मोबी डिक'च्या लेखकावरून घेतलेलं. युद्ध संपल्यावरही त्याने ते टाकलं नाही. तो आधी प्रतिकार चळवळीत होता, मग लंडनला पोचला, मग स्वतंत्र फ्रेंच सैन्यातून इटलीच्या आघाडीवर लढला. (१९४४मध्ये त्याच इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही होत्या, यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथल्याच लढाईसाठी.) मेलव्हिलचा मोठा भाऊ जाक १९४२मध्ये पिरेनीजचे डोंगर ओलांडून स्पेनकडे निघाला होता. ज्या वाटाड्यावर विसंबून तो निघाला, त्यानेच त्याला गोळी घातली.

जोझेफ केसेलची मूळ कादंबरी १९४३ची, म्हणजे युद्ध चालू असतानाच लिहिलेली. मेलव्हिलने ती लंडनमध्ये वाचली आणि पंचवीस वर्षं डोक्यात बाळगली. मधल्या काळात त्या दिवसांवरचे दोन चित्रपट त्याने केले. पहिला 'ल सिलांस द ला मेर', १९४९चा. त्याच्या वेळची हकीकत मला फार आवडते. मूळ गोष्टीचा लेखक व्हर्कोर हक्क द्यायला तयार नव्हता. तेव्हा मेलव्हिलने कबूल केलं की चित्रपट पुरा करून तो प्रतिकार चळवळीतल्या लोकांच्या पंचमंडळाला दाखवीन आणि त्यांना पटला नाही तर निगेटिव्ह जाळून टाकीन. परीक्षण वाईट आलं तर पुढचा आठवडा पडेल, एवढीच ज्यांची चिंता असते त्यांनी ही अट एकदा डोळ्यांपुढे आणून पाहावी.

'लार्मे देझोंब्र'मध्ये लढाई नाही म्हटलं तरी चालेल. आगगाडी उडवणं नाही, पूल पाडणं नाही. जर्मन मरतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फिलिप जेर्बिए हा पेशाने इंजिनिअर, लिनो व्हेंतुराने उभा केलेला जाडजूड, चष्मेवाला, शांत माणूस. त्याला पकडून देणारा एक पोरगेला फितूर चळवळीच्या हाती लागतो. मार्सेयमध्ये समुद्राकाठच्या एका भाड्याच्या घरात त्याला आणतात. गोळी घालायची ठरलेली असते, पण शेजारचं रिकामं घर नेमकं त्याच दिवशी गजबजलेलं निघतं. भिंतीपलीकडून आवाज येतात. पिस्तूल वापरता येत नाही. सुरी नाही. मग तिघं जण त्या मुलाच्या समोरच उभे राहून, हलक्या आवाजात, कसं मारायचं याची चर्चा करतात. तो ऐकत असतो. शेवटी स्वयंपाकघरातला टॉवेल आणतात. त्यांच्यातल्या कोणीही याआधी असं काही केलेलं नसतं. मेलव्हिल कॅमेरा हलवत नाही, संगीताचा आधार देत नाही, आणि आपल्याला मान फिरवायला जागाही ठेवत नाही.

आणि हा म्हणे सरकारी दंतकथेचा मुलामा!

दंतकथा होती, यात शंका नाही. डिसेंबर १९६४मध्ये प्रतिकार चळवळीचे नेते झाँ मूलाँ यांच्या अस्थी पँथिऑनमध्ये समारंभाने नेल्या, द गोल यांचे संस्कृतिमंत्री आंद्रे माल्रो यांनी तिथे ते प्रसिद्ध भाषण केलं आणि सगळा फ्रान्स जणू एकदिलाने प्रतिकारात उतरला होता, हे चित्र पक्कं झालं. १९६६मध्ये 'ला ग्रांद व्हाद्रुई' या विनोदी चित्रपटाने जर्मनांची टिंगल करत एक कोटी सत्तर लाखांहून जास्त तिकिटं खपवली. म्हणजे विशीतल्या समीक्षकांचा राग हवेतला नव्हता. त्यांच्या बापांनी त्या चार वर्षांत नेमकं काय केलं होतं, हे घरात कुणी सांगत नव्हतं. मार्सेल ओफ्युल्सने क्लेरमाँ-फेराँ गावातल्या लोकांना कॅमेऱ्यासमोर बसवून हेच विचारलं, तर 'ल शाग्रँ ए ला पितिए' हा त्याचा चार तासांचा माहितीपट फ्रेंच दूरदर्शनने दाखवायला नकार दिला. तो थिएटरात लागला १९७१ला आणि दूरदर्शनवर दिसायला १९८१ उजाडलं. अशा घुसमटीत वाढलेल्या पोरांना पडद्यावर द गोल दिसले की पुढचं-मागचं दिसेनासं होत असेल, तर ते समजू शकतं.

पण त्या रागात त्यांच्या नजरेतून काय निसटलं, ते पाहा. 'लार्मे देझोंब्र'मधला एक प्रसंग केश कापणाऱ्याच्या दुकानातला. पळून आलेला जेर्बिए रात्री तिथे शिरतो आणि दाढी करायला बसतो. भिंतीवर जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या पेतँचं पत्रक. मानेवर वस्तरा. सेर्ज रेज्जियानीचा तो न्हावी फारसं काही बोलत नाही. दाढी झाल्यावर तो जेर्बिएला वेगळ्या रंगाचा एक ओव्हरकोट देतो, बस. भिंतीवरचं पत्रक आणि हातातला कोट, दोन्ही एकाच माणसाचे. पुढे ओफ्युल्सने तासन्‌तास मुलाखती घेऊन जे बाहेर काढलं, त्याचं सार या तीन-चार मिनिटांत आहे.

चित्रपटाच्या शेवटी हे लोक आपल्याच माथिल्दला भर रस्त्यात गोळ्या घालतात. सिमोन सिन्योरेची माथिल्द ही सगळ्यांत हुशार, सगळ्यांत धीराची. तिची एकच चूक, पर्समध्ये मुलीचा फोटो बाळगला. फोटो जर्मनांच्या हाती लागतो आणि मुलीच्या जिवावर ती फुटेल हे स्पष्ट होतं. नंतर पडद्यावर चौघांच्या मरणाच्या तारखा येतात. युद्ध जिंकल्याची तारीख येत नाही. विजयोत्सवाचा एवढा अभाव असलेला 'सरकारी' चित्रपट मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

म्हणून मला त्या १९६९च्या परीक्षणांचा राग यायला हवा. येत नाही. त्यांनी चित्रपट चुकीचा वाचला, पण वाचला. जणू त्यावर उद्याचं काही अवलंबून आहे अशा तडफेने वाचला. आणि ही तडफ एकाच बाजूला मारत नव्हती. पाचच वर्षांनी, १९७४मध्ये, लुई मालचा 'लाकोम्ब, ल्युसिआँ' आला. पटकथा मालची आणि पुढे नोबेल मिळवणाऱ्या पात्रिक मोदियानोची. एका खेड्यातला अडाणी पोरगा प्रतिकारात शिरू पाहतो, तिथे घेत नाहीत, तर जवळजवळ योगायोगानेच गेस्टापोच्या नोकरीला लागतो. आता आरोप उलटा झाला! हा चित्रपट चळवळीला बट्टा लावतो, फितुरांना माणुसकीचा चेहरा देतो. 'काये'ने तत्त्वज्ञ मिशेल फुकोला बोलतं केलं; सामान्य लोक कधी लढलेच नव्हते, असं हे चित्रपट लोकांच्या मनावर ठसवतात, अशी त्याची तक्रार होती. वाद इतका पेटला की माल पुढे काही वर्षं अमेरिकेत जाऊन राहिला. चळवळीला शूर दाखवलं तर दंतकथा, भ्याड दाखवलं तर बदनामी; इकडे आड तिकडे विहीर. या सापळ्यात सापडलेल्या दिग्दर्शकांची मला कीव येते, पण तो सापळा लावणारा समाज त्या चार वर्षांबद्दल खरोखर अस्वस्थ होता, हेही दिसतं.

जर्मन अमलाच्याच काळावरचा त्रुफोचा 'ल देर्निए मेत्रो' १९८०चा. त्याला दहा सेझार पारितोषिकं मिळाली आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला, तर कुरकुर अशी की ज्या गुळगुळीत 'दर्जेदार' सिनेमावर त्रुफोने तरुणपणी, १९५४मध्ये, तो जहाल लेख लिहिला होता, तसाच सिनेमा आता तो स्वतः काढतोय. २००२मध्ये बेर्त्राँ ताव्हेर्निएने 'लेसे-पासे'मध्ये जर्मन मालकीच्या कंपनीत काम करणाऱ्या फ्रेंच सिनेमावाल्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा ते जुनं भांडण परत उकरलं गेलं. हा ताव्हेर्निए कोवळ्या वयात मेलव्हिलच्याच हाताखाली होता. त्यानंतर असं कडाक्याचं काही माझ्या कानावर आलेलं नाही.

२००४मध्ये 'लार्मे देझोंब्र'ची प्रत दुरुस्त झाली, छायालेखक पिएर लोम यांच्या देखरेखीखाली. फिकट पडलेला तो थंड निळा परत आला. एप्रिल २००६मध्ये रिआल्टो या वितरकाने तो अमेरिकेत पहिल्यांदा लावला आणि तिथल्या समीक्षकांनी जे काही केलं ते पाहून १९६९च्या पॅरिसमधली मंडळी चक्रावली असती. त्या वर्षाच्या उत्तम चित्रपटांच्या याद्यांत हा जुना चित्रपट वरच्या जागांवर! न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने त्याला त्या वर्षीचा उत्कृष्ट परभाषिक चित्रपट ठरवलं. रॉजर एबर्टने आपल्या थोर चित्रपटांच्या मालिकेत त्याला जागा दिली. परीक्षणांचे आकडे गोळा करणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याला शंभरपैकी नव्व्याण्णव मिळाले. मेलव्हिल १९७३मध्येच गेला होता, पॅरिसच्या एका रेस्टॉरंटमध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

तरी एक सांगायला हवं. फ्रान्समध्ये 'लार्मे देझोंब्र' अगदीच पडला नव्हता. सुमारे चौदा लाख लोकांनी तिकीट काढून तो पाहिला. पुढच्याच वर्षी मेलव्हिलचा 'ल सेर्क्ल रूज' आला तेव्हा हा आकडा त्रेचाळीस लाखांच्या घरात गेला. सामान्य प्रेक्षक मासिकांची वाट बघत बसला नव्हता. अडलं ते फ्रान्सच्या वेशीवर, कारण दूरच्या देशांतले वितरक चित्रपट पाहण्याआधी परीक्षणांची कात्रणं पाहत.

आता कात्रणं नाहीत आणि डबेही नाहीत. माझ्या भाचीने हा चित्रपट लॅपटॉपवर पाहिला, तोही मी सांगितलं म्हणून नाही; कुठल्याशा यादीत वरच्या जागी होता म्हणून. पाहून झाल्यावर तिने फोन केला.

"मामा, तो टॉवेलचा सीन! मी पॉज करून पाणी प्यायले."

मी तिला १९६९ची हकीकत सांगितली. ती हसायलाच लागली.

"म्हणजे न बघताच लिहिलं होतं?"

"नाही गं, बघूनच."

"आणि तरी?"

तरी. हे तिला कसं समजावणार? तिच्या पिढीला हा चित्रपट मिळाला तो नव्व्याण्णव गुणांचा बिल्ला लावूनच. तिच्या ओळखीतल्या ज्यांनी पाहिला त्या सगळ्यांना तो आवडला. लेटरबॉक्स्डवर तिने तारे दिले, दोन ओळी लिहिल्या, पन्नासेक जणांनी त्यावर बदाम टाकला. कोणी तिला अडवून विचारलं नाही की बाई गं, या चित्रपटात कम्युनिस्ट फक्त छावणीतल्या एका पोरापुरतेच का आहेत, बाकीचे कुठे गेले? स्वतःला उजवा अराजकवादी म्हणवणाऱ्या मेलव्हिलने आणि आयुष्यभर डाव्यांबरोबर उभ्या राहिलेल्या सिन्योरेने मिळून हे कसं केलं? आमच्या वेळी एवढ्यावर दोन चहा आणि एक मैत्री संपली असती.

तिचा अनुभव आमच्याहून चांगला आहे, हे मी मान्य करतो. सलग रिळं, स्वच्छ चित्र, नीट उपशीर्षकं, आणि पाहायच्या आधी कुणाचं उसनं मत नाही. आम्हाला जे वीस वर्षं नुसतं ऐकून माहीत होतं ते तिला एका रात्रीत मिळालं. उणीव कसली असेल तर ती विरोधाची. नव्व्याण्णव गुण मिळालेल्या चित्रपटाशी भांडायला कोण धजेल? 'काये'नेही नव्वदच्या दशकात मेलव्हिलला सन्मानाने परत घरात घेतलं. खटला निकालात निघाला, फाइल बंद झाली, आणि आता त्याच्यावर जो लेख येतो तो आरतीच्या चालीवरच येतो.

भाचीला मी एकच गृहपाठ दिला. लंडनचा भाग परत बघ म्हटलं. चळवळीचा प्रमुख ल्युक जार्दी आणि जेर्बिए पाणबुडीतून तिथे जातात. हा जार्दी झाँ काव्हाएस या गणिती तत्त्वज्ञावरून घेतलेला, ज्याला जर्मनांनी १९४४मध्ये गोळ्या घातल्या. पुढे जेर्बिए लपून राहतो तिथे जार्दीची म्हणून दिसणारी पुस्तकं काव्हाएसचीच आहेत. तर हे दोघं लंडनमध्ये 'गॉन विथ द विंड' पाहून बाहेर पडतात आणि जार्दी म्हणतो, हा चित्रपट फ्रेंचांना पाहता येईल आणि 'कानार आंशेने' हे व्यंग्य-साप्ताहिक वाचता येईल, तेव्हा युद्ध संपलं असं समजायचं. सिनेमावेड्या माणसाने लिहिलेलं वाक्य. ('गॉन विथ द विंड' फ्रान्सला पोचायला १९५० उजाडलं.)

आणि त्याच भागात पदकाचा तो प्रसंग येतो. उंचच उंच द गोल जार्दीच्या छातीवर पदक लावतात आणि जार्दी शाळकरी मुलासारखा मान वर करून बघतो. पॅरिसच्या थिएटरांत इथे हुर्यो झाल्याचं सांगतात. मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिलाय. एरवी वस्तऱ्याच्या धारेवर चालणारा मेलव्हिल इथे भक्त होतो, कॅमेरा ताठ उभा राहून सलाम ठोकतो, आणि ज्या चित्रपटात कुणालाच कशाचं बक्षीस मिळत नाही त्यात हे एक बक्षीस ठिगळासारखं दिसतं. २००६ची जी परीक्षणं मी वाचली, त्यांत याबद्दल मला अवाक्षर सापडलं नाही. या एका प्रसंगापुरते पॅरिसचे ते हुर्यो करणारे बरोबर होते, असं माझं मत आहे. भाचीला ते पटलेलं नाही. परवा तिने मला भलामोठा संदेश लिहून, दृश्यागणिक मुद्दे काढून, माझं म्हणणं खोडून काढलंय, आणि त्यातले दोन मुद्दे मला अजून खोडता आलेले नाहीत.